मनोरा सोडून सगळं

मंगळवार, ९ मे

आई-बाबा शुक्रवारी सकाळी लेच्चेहून बोलोन्याला येतायत. एक दिवस पायी शहर बघणार. आपल्या डॉक्टरबरोबर, असं आई फोनवर तीनदा म्हणाली. आमच्याकडे इटलीत पदवी मिळाली की कुणीही डॉक्टर. गावच्या पाद्र्यांनी माझं नाव प्रार्थनेनंतर जाहीरही केलंय म्हणे.

मार्चमध्ये मी फोनवर ‘झाली पदवी’ म्हणालो, ते तत्त्वतः खरंच होतं. बाबांचा पाय प्लास्टरमध्ये, तेवढाच त्यांना आनंद. नऊ परीक्षा आणि प्रबंध सोडला तर माझं संख्याशास्त्र संपल्यातच जमा आहे. आजपासून कसून अभ्यास.

संध्याकाळी. टेबल आवरलं. अभ्यास उद्या.

गुरुवार, ११ मे

रस्ता ठरवला. चौक, जुनं विद्यापीठ, कालवा, जेवण, स्टेशन. मनोरा नाही. पदवीआधी आसिनेल्ली मनोरा चढला तर पदवी जन्मात मिळत नाही, आणि मोठा चौक मधून ओलांडला तरीही तेच, असा इथल्या पोरांचा समज. मी शास्त्राचा माणूस, असल्या गोष्टी मानत नाही. सात वर्षांत चढलो नाही तो केवळ वेळ नव्हता म्हणून.

एकच अडचण. पहिल्या वर्षी हे मीच बाबांना हसत हसत सांगितलं होतं. ते म्हणाले होते, मग पदवी झाली की आपण दोघं चढू. एवढं जुनं त्यांच्या लक्षात नसणार.

शुक्रवार, १२ मे. स्टेशनवरच्या बारचं शौचालय

लक्षात आहे. गाडीतून उतरल्या उतरल्या बाबांनी विचारलं, मनोरा कुठाय? प्लास्टर निघाल्यापासून रोज संध्याकाळी बिल्डिंगचे जिने चढून सराव केलाय त्यांनी. शेजारी म्हणायचे, म्हाताऱ्याला वेड लागलं. मी म्हणालो, आज वारा फार आहे. आई म्हणाली, कुठाय वारा? माझ्या डोक्यावरचा रुमाल हलत नाहीये.

आईच्या हातात एक मोठी गोल पिशवी आहे. घ्यायला गेलो तर हात झटकला.

चौकानंतर, चर्चच्या पायरीवर

ते दोघं चौकाच्या मधून थेट चर्चकडे गेले. मागे वळून बघतात तर मी नाही. मी कमानींखालून पूर्ण वळसा घालून पोचलो. म्हणालो, ऊन लागतं. बाबांनी ढगांकडे बघितलं, मग माझ्याकडे. ऊन नसलं तरी काळजी घेतलेली बरी.

जुन्या विद्यापीठातून

इथे भिंतींवर, छतावर, जिथे तिथे शेकडो वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यांची घराण्याची चिन्हं रंगवलेली. आई चष्मा लावून एकेक बघत होती. विचारलं, काय शोधतेस? म्हणाली, तुझं कुठलं रे? मी म्हणालो, हल्ली रंगवत नाहीत. आई म्हणाली, एवढे पैसे घेतात, चार बोटं रंग लावायला काय जातं त्यांचं! तिथला पहारेकरी हसला. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मग मीही हसलो, म्हणजे बरं दिसलं.

जेवताना

तोर्तेल्लिनी, सुपात सोडलेला सारणभरला पास्ता. आईच्या मते सूप पाणचट आणि आत सारण नावाला. मी मुद्दाम दोनदा मागवलं. पोट जड झालं की माणूस जिने चढायचं नाव काढत नाही. योजना उत्तम.

मनोऱ्याखाली

योजना फसली. बाबांनी मला न विचारता तीन तिकिटं काढली. आई म्हणाली, चला डॉक्टर, पुढे व्हा.

मी निर्णय घेतला. चढायचं. अंधश्रद्धेला मूठमाती. शिवाय एवढ्या कष्टाने सराव करून आलेल्या बापाला खोटं पाडण्यापेक्षा जन्मभर पदवी नसलेली परवडली. पाय उंबऱ्यावर ठेवला. हे मला फार शूरपणाचं वाटलं.

बाबांनी मागून कोट धरला. हळूच विचारलं, किती राहिल्यात?

मी म्हणालो, नऊ. मग म्हणालो, आणि प्रबंध.

मागे रांग खोळंबली होती. आई खाली बघत होती. बाबा म्हणाले, मग तू खालीच थांब. आहेत त्या नऊ पुरेत, ही विषाची परीक्षा कशाला आणखी? आणि आईचा हात धरून आत गेले. जाताना आईने पिशवी माझ्याकडे दिली.

पिशवीत मुकुट आहे. पदवीच्या दिवशी डोक्यावर घालतात तो, तमालपत्राच्या पानांचा. परसातल्या झाडाची पानं, लाल रिबिन. आईने स्वतः गुंफलाय.

वरून कुणीतरी हात हलवला. मीही जोरजोरात हलवला. ते दुसरेच कुणी जर्मन पाहुणे होते, खाली उभ्या असलेल्या आपल्या माणसांना हात करत होते. मला लाज वाटली. जर्मनांची नाही.

फार वेळाने दोघं उतरले. बाबा पायरीवर बसून पाय चोळू लागले. म्हणाले, वरून तुझं विद्यापीठ दिसतं. फार लांब नाही रे.

शनिवार, १३ मे

काल संध्याकाळी त्यांना गाडीत बसवलं. समोरच्या बाईंना आईने सांगितलं, हा आमचा मुलगा, डॉक्टर. बाबा खिडकीबाहेर बघत होते. मी पिशवी परत द्यायला गेलो तर आई म्हणाली, राहू दे. पानं सुकली की डाळीत घाल, वाया घालवू नकोस. दुसरा करीन, झाड मोठं आहे.

आज सकाळी सातला उठलो. परीक्षेला नाव नोंदवायला गेलो. ऑफिस बंद. शनिवार.

येताना चौक लागला. एक चिटपाखरू नव्हतं, मधून गेलो असतो तर कुणालाच कळलं नसतं. वळसा घालून आलो.

डाळ शिजायला टाकली आहे. पान नाही टाकलं.