तरुलता बाइदेउंचा सहावा डोस

देउता,

तुम्ही राजीनामा देऊन शिवसागरच्या घरी निघून गेलात, त्याला आज नऊ दिवस झाले. कॅन्सर वॉर्डात तुमचे रोगी आता तुमची ही लेक बघते. रोग्याशी खोटं बोलायचं नाही, हे तुम्ही मला लहानपणी भात कालवता कालवता शिकवलंत. आज मी बोलले. सगळ्या वॉर्डाच्या थोरल्या ताई झालेल्या तरुलता बाइदेउंनी विचारलं, "तुझा बाप कुठंय?" खरं कळलं तर त्या केमोचा सहावा डोस सोडून घरी जातील, अशी भीती वाटली.

"रजेवर आहेत. सोमवारी येतील."

त्या हसल्या. "माजनी, पोरी, तो नाही येत आता. गेल्या डोसाला इथंच बसून रडला. म्हणाला, बाइदेउ, आता कुणाचा रिपोर्ट उघडायलाही हात धजत नाही. पोरीला मात्र सांगू नका."

देउता, मी रोज तुमच्या समोर बसून जेवत होते. 'दमलो' एवढंसुद्धा तुम्ही मला म्हणाला नाहीत.

बाइदेउंनी हात पुढे केला. "लाव सुई. आणि दमलीस की सांग बाई, त्याच्यासारखी पळू नकोस."

मी 'हो' म्हटलं. खात्री नव्हती, तरी म्हटलं.

हे पत्र मी पाठवणार नाही. तुम्ही तरी मला कुठं काही कळवलंत?

जूरी