यांनी घरी बनवलेली बंदूक

३ फेब्रु.
शेड आवरताना लेथमागच्या पत्र्याच्या पेटीत बंदूक सापडली. आधी वाटलं, पाइपच आहे. मग लाकडी दस्ता दिसला, घासून पॉलिश केलेला. यांच्या हातची सफाई मला कळते. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तेहतीस वर्षं फिटर होते.
विचारलं तर म्हणाले, "बिबट्यासाठी. लायसनचा अर्ज दोन वर्षं पडून आहे. मग काय करू?"
दिवाळीत शेजारच्या वस्तीवरची लहानगी चिऊ बिबट्याने अंगणातून नेली. हे नुसती काठी घेऊन उसात शिरले होते. तिला यांनीच उचलून आणलं. तेव्हापासून जेवण निम्म्यावर आलंय यांचं.

४ फेब्रु.
वाद. "शैलेश सांगत होता ना, त्यांच्याकडे स्वतःपुरती घरी बनवली तर चालते." शैलेशराव आमचे जावई, अमेरिकेत टेक्सासला. म्हटलं, "अहो, आपण नाशिकला राहतो."
हसले. "लोखंड तेच ना?"
मोडून टाका म्हटलं. नाही म्हणाले. ताट तसंच ठेवून उठले.

६ फेब्रु.
शाळेतून येताना हवालदार भाऊंकडे थांबले. राखी बांधते मी त्यांना, बारा वर्षं झाली. सगळं सांगून टाकलं. म्हणाले, "ताई, बरं केलंत. साध्या कपड्यांत येतो, वस्तू घेऊन जातो, दाजींना समज देतो. कागद होणार नाही."
जीव हलका झाला. यांना बोलले नाही.

७ फेब्रु.
भाऊ आलेच नाहीत. दोन गाड्या आल्या. सात-आठ माणसं, पंच, फोटो. साहेबांनी विचारलं, "कुणी बनवली?" हे म्हणाले, "मी." आणि आवाजात अभिमान होता! अजून कानात आहे.
घेऊन गेले. गॅसवर दूध होतं, ते...

८ फेब्रु.
भाऊंना फोन केला. "ताई, मी साहेबांना नुसतं तोंडी सांगितलं होतं. प्रकरण वर गेलं, माझ्या हातात राहिलं नाही." नंतर फोन उचलत नाहीत.

१० फेब्रु.
पंचवटीत वकीलबाईंकडे. त्यांनी विचारलं, "चालवली होती?"
"एकदाही नाही."
"त्याने फार फरक पडत नाही. परवान्याशिवाय बनवली, गुन्हा तोच. कमीत कमी सात वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत."
जावयांचं सांगितलं. म्हणाल्या, "तिथे स्वतःपुरती बनवता येते, खरंय. पण सगळ्या राज्यांत सारखं नाही. इंग्लंडात, जपानात परवान्याशिवाय बनवली तर तिथेही तुरुंगच. आणि आपलं कोर्ट इथला कायदा बघणार."
यांना एकसष्ट पूर्ण. रिक्षात सात मिळवून पाहिले. पुन्हा पाहिले.

१४ फेब्रु.
शैलेशरावांचा फोन. रडत होते. "आई, मी सहज बोललो हो. इथे शेजाऱ्याचा छंद आहे, म्हणून सांगितलं." मागून आमची लेक मंजू ओरडत होती, "बाबांचं नाव पोलिसांना कुणी दिलं? सापडू दे फक्त!"
म्हटलं, आवाज तुटतोय. ठेवला फोन. आवाज स्वच्छ होता.

२१ फेब्रु.
जामीन नामंजूर. सरकारी वकील म्हणाले, एकदा बनवली, पुन्हा बनवू शकतो, हातात कसब आहे. त्याच कसबासाठी वीज केंद्राने शाल दिली होती.
दुपारी माझ्या चौथीच्या वर्गाचे पेपर तपासायला बसले. कुणी काय लिहिलंय, एक ओळ कळली नाही.

२६ फेब्रु.
पोलीस स्टेशनला बोलावलं. "माहिती तुम्हीच दिलीत, तसं लिहावं लागेल." लिहिलं त्यांनी. वकीलबाई चिडल्या. "मला न विचारता का गेलात?" मग हळू आवाजात म्हणाल्या, "आरोपपत्राची नक्कल तुमच्या मिस्टरांना मिळते. त्यात हे असणार."

५ मार्च
जेलमध्ये भेट. काचेपलीकडे हे, दाढी वाढलेली, पांढरी. सांगायचंच ठरवून गेले होते. फोन कानाला लावल्या लावल्या म्हणाले, "गोळ्या घेतेस ना बीपीच्या?"
हो म्हटलं.
मग म्हणाले, "एक कळत नाही गं. शेडमध्ये तुझ्यामाझ्याशिवाय कोण येतं?"
बघत राहिले माझ्याकडे. मग स्वतःच म्हणाले, "भंगारवाला असेल. जानेवारीत आला होता."
मी म्हटलं, "असेल."
वेळ संपली.

९ मार्च
झोप नाही. चांगल्यासाठी केलं, असं स्वतःला सांगून पाहते. मोडायला सांगितलं होतंच की मी. चार दिवस थांबले असते तर? यांच्या भावाला बोलावलं असतं तर? त्यांचं तरी ऐकलं असतं.

१८ मार्च
वकीलबाईंचा फोन. आरोपपत्र येत्या गुरुवारी दाखल होतंय, नक्कल त्याच दिवशी यांच्या हातात. "तुम्ही सांगता की मी सांगू?"
"मी."
आमची भेटीची पाळी शुक्रवारची. पाळी अलीकडे घ्या म्हणून जेलच्या खिडकीवर अर्ज दिला. आतल्या कारकुनाने वर न बघता ठेवून घेतला. म्हणाला, "बघू."