सुमनबाईंची राहिलेली ओटी

५ जानेवारी
पोचले एकदाची. राजूरपर्यंत एसटी, पुढं जीप, आणि जीपमध्ये माझ्या मांडीवर कुणाचं तरी कोंबडं. आजपासून मी करंजवाडीच्या आरोग्य उपकेंद्राची सिस्टर. एक खोली, टेबल, वजनकाटा, खिडकीबाहेर शेवगा. मला तर बाई फार आवडलं. नगरला आईला फोन करून सांगितलं, तर म्हणते, रुचा, आधी पोटात काही टाक. अठराला तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. तिला माझ्याशिवाय कोण आहे? सोळाला मी घरी जाणार, हे रुजू होतानाच साहेबांकडून कबूल करून घेतलंय.

दुपारी खिडकीत झाकलेलं ताट दिसलं. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा. गाव किती प्रेमळ, म्हणत सगळं फस्त केलं. संध्याकाळी माझ्या घरमालकीण बनुबाई ताट न्यायला आल्या, तर ते रिकामं. मग हसून म्हणाल्या, की राहू द्या, ते सुमनबाईचं हुतं. कोण सुमनबाई, तर म्हणे उद्या दावते.

७ जानेवारी
मी इतकी वर्षं कुठं झोपले होते? या गावात एक अख्खी मालिका होऊन गेलीय आणि मला पत्ताच नाही. ‘सुमन सिस्टर’. चौदा-पंधरा वर्षांपूर्वीची. शहरातली नर्स करंजवाडीत येते, एवढीच गोष्ट, पण काय धमाल. शूटिंग आमच्याच उपकेंद्रात झालं आणि गावकऱ्यांनीच कामं केली. सरपंच आबासाहेब सुईला भिऊन चिंचेवर चढून बसतात, तर सुमन खाली खुर्ची टाकून स्वेटर विणत बसते. तरुण बनुबाई म्हशीचा ताप बघायला थर्मामीटर मागतात. मी हसून हसून चहा सांडला. बनुबाईंकडं सगळे भाग पेनड्राइव्हवर आहेत. रोज दिवेलागणीला शेजारणी जमतात आणि पाठ असलेल्या जागांवर पुन्हा हसतात. आता मीही त्यांच्यातली.

१० जानेवारी
शेवटचा भाग नाहीच. विचारलं तर आबासाहेबांनी आधी तंबाखूला चुना लावला. मग त्यांनी सांगितलं, की शेवटी सुमनबाईची बदली होते आणि गाव तिची ओटी भरतं, असं ठरलं हुतं. बायांनी खरंच खण-नारळ आणला. पण त्या नटीला दुसरं काम मिळालं. ओटी न घेताच ती गाडीत बसली. घाटात गाडी सापडली, बाई न्हाई सापडली.

तेव्हापासून इथं एकही सिस्टर टिकत नाही म्हणे. बिगरओटीची गेली, म्हणून ती अजून उपकेंद्रातच बसलेली असते, असं बनुबाई अगदी साधेपणानं म्हणाल्या. म्हणून ते ताट. आणि मी ते खाल्लं. हसावं की रडावं कळेना.

१२ जानेवारी
आज एका जुन्या भागात सुमनच्या खांद्याला पिशवी दिसली. आईनं तिच्या जांभळ्या इरकलीची मला शिवलेली, बंद तुटल्यावर लाल दोऱ्यानं टाचलेली पिशवी. तोच लाल दोरा. मी भाग मागं नेऊन पुन्हा पाहिला. पिशवी माझ्यामागं खुंटीला होती.

तशा पिशव्या पुष्कळ असतात. बनुबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, की आधी कवा दिसली न्हाई बा. त्या टीव्हीकडं बघत नव्हत्या, माझ्याकडं बघत होत्या.

१४ जानेवारी
संक्रांत. बनुबाईंकडं हळदीकुंकू. तिळगूळ झाल्यावर त्यांनी माझ्यापुढं पाट मांडला आणि हिरवी साडी ठेवली. मालिकेतली. म्हणाल्या, सुमनबाईच्या नावानं ओटी घ्या, म्हणजे बिचारी सुटंल.

मी म्हटलं, माझं लग्न झालेलं नाही, माझी ओटी कशी भरणार? तर म्हणाल्या, की तुमची न्हाई हो, तिचीच भरतोय, तुमी नुसत्या तिच्या जागी बसा. साऱ्याजणी आशेनं बघत होत्या. ओटीला नको कसं म्हणायचं? जिवावर आलं होतं, तरी साडी नेसले, बसले, पदर पसरला. तांदूळ, खण, नारळ, हळकुंड. पदर इतका जड झाला, की उठताना तोल गेला.

माझ्या खोलीवर आल्यावर पाहिलं तर पदर रिकामा होता. वाटेत काही सांडलं नव्हतं.

१५ जानेवारी
सकाळपासून एकही पेशंट आला नाही. आबासाहेब दारात आले, खोली बघितली, म्हणाले गेली बरं का सुखानं, आणि हात जोडले. मी समोरच उभी होते. हाक मारली. ते वळले नाहीत.

पिशवी खुंटीला नाही.

१६ जानेवारी
एसटी थांबली नाही. हात केला, रस्त्यात उभी राहिले, तरी नाही. चालत निघाले. फाटा ओलांडला, ओढा ओलांडला, आणि समोर शेवगा. उपकेंद्राचा. पुन्हा निघाले — पुन्हा शेवगा.

परवा आईचं ऑपरेशन. मला घरी जायचंय, बस्स, दुसरं काही नको.

१७ जानेवारी
आईनं फोन उचलला. मी रडतच सांगू लागले. ती म्हणाली, कोण बोलतंय? रुचा कालच आलीय, हिरव्या साडीत काय गोड दिसतेय, धुरकट दिसलं तरी कळतं. मागं कुणीतरी हसलं. ते हसणं मला पाठ आहे — चिंचेखालच्या खुर्चीतलं.

आई, ती मी नाही — एवढं म्हणेपर्यंत फोन बंद.

१८ जानेवारी
आज ऑपरेशन. तिच्या उशाशी ती.

खिडकीत ताट आलं. बनुबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, जेवा रुचाबाई, आमाला हे असं व्हईल ठाव नव्हतं. माझ्याकडं नाही — खिडकीकडं बघून.

भूक लागते. खाते. भाकरी संपत नाही.

१९ जानेवारी
बनुबाईंच्या ओसरीवर टीव्ही. नवा भाग. नवी सिस्टर जीपमधून उतरते, मांडीवर कोंबडं. खिडकीतलं ताट फस्त करते. बाया हसतात. ती एसटीमागं धावते — आणखी हसतात. मी टीव्हीसमोर जाऊन ओरडले. पडद्यावर तीही ओरडली. त्याला सगळ्यात जास्त हसल्या. बनुबाईसुद्धा. रडता रडता.

पण आईची पट्टी आज निघणार. तिला स्वच्छ दिसेल. ती मला ओळखेल. आई आहे ती —

संध्याकाळ
फोन लागला. पट्टी निघालीय. मी म्हटलं, आई, तिच्याकडं नीट बघ, तिच्या हनुवटीवर माझा व्रण आहे का बघ. आई म्हणाली थांबा हो, आमची मालिका चालू आहे, रुचानं पेनड्राइव्ह आणलाय. फोन तसाच ठेवला. चालूच आहे. सगळं ऐकू येतंय.

आई हसतेय. किती दिवसांनी अशी हसतेय.

ती तिकडच्या रुचाला सांगतेय, ही वेडी सिस्टर बघ गं, सारखी लिहीत बसते — आता पेन थांबलं बघ — आता पुन्हा लिहायला लागली — मागं कोण येऊन उभं राहिलंय, हिला पत्ताच नाही — आता वळेल बघ, आता खरी मजा —