बेथियाच्या सुटकेबाबत

देवपित्याला स्मरून मी डॉर्कस पेनफोल्ड, वय एकसष्ट, राहणार थॉर्नकोट, ब्रिस्टलजवळ, हे माझे मृत्युपत्र लिहून ठेवते. पार्लमेंटचे सभासद व अँटिग्वा बेटावरील ऊसमळ्याचे मालक कै. सर अँब्रोज पेनफोल्ड यांची मी विधवा. माझी बुद्धी शाबूत आहे. झोप मात्र तीन आठवडे नाही. का नाही, हे पुढे येईल.

एक. राहते घर व बाग माझी बहीण टॅबिथा हिला. बैठकीतले पडदे दोनदा उलटवून शिवले आहेत. अजून दहा वर्षे जातील. नवे घेऊ नयेत.

दोन. चांदीची भांडी विकून गावच्या गरिबांना हिवाळ्यात कोळसा द्यावा. साखरेचे भांडे आधी विकावे. या घरात साखर येणे बंद आहे.

तीन. यजमानांचा पुतण्या हॉरेस याला काही नाही. मळा त्याला त्यांनीच दिला आहे.

चार. बेथिया. ती नऊ वर्षांची असताना यजमानांनी तिला मळ्यावरून माझ्या हाताखाली आणले. शिवण आणि वाचन मी शिकवले. सोळाव्या वर्षी तिचा बाप्तिस्मा करविला. ख्रिस्ती झालेले माणूस गुलाम राहत नाही, असे आमच्याकडे स्वयंपाकघरापासून दिवाणखान्यापर्यंत सगळे धरून चालतात. मीही धरून चालले आणि सुटकेचा कागद केला नाही. यजमान चर्चच्या दारात हसून म्हणाले, "झालं ना तुझ्या मनासारखं?" मी हो म्हटले.

चार वर्षांपूर्वी तिकडे मळ्यावर तिची आई आजारी असल्याचे यजमानांनी सांगितले. बेथिया जायला घाबरत होती. "बाईसाहेब, परत येऊ देतील ना मला?"

"तू आता कुणाची नाहीस गं. कोण अडवणार?" असे मी म्हटले. पेटीही मीच भरली. पत्र कधी आले नाही. आईजवळ रमली असेल, असे यजमान म्हणत.

गेल्या महिन्यात वकिलांनी यजमानांचे मृत्युपत्र वाचले. पत्नीस घर, बग्गी, चांदी, आणि सध्या मळ्यावर ऊसतोडीच्या टोळीत असलेली काळी दासी बेथिया. मी पुन्हा वाचायला लावले. तेच होते. मी बाप्तिस्म्याचे सांगितले, तेव्हा हॉरेस म्हणाला, "काकू, डोक्यावर पाणी शिंपडून माणसं सुटायला लागली, तर मळ्यावर पाद्री फिरकू द्यायचा नाही मी." मी पाद्रीसाहेबांकडे गेले. बाप्तिस्म्याने आत्मा सुटतो, देहाचा कायदा निराळा, असे ते हळूच म्हणाले. त्यांना हे तेव्हाही ठाऊक होते. कोणी विचारले नव्हते.

यजमानांनी नुसती बोट ठरवली. तिला त्या बोटीत चढवले मी.

मृत्युपत्र मेल्यावर लागू होते, आणि माझी प्रकृती ठणठणीत आहे. तोवर तिने ऊस तोडत राहावे काय? म्हणून सुटकेचा वेगळा कागद आजच केला. तो सोमवारच्या बोटीने परतीच्या भाड्यासह जाईल. यायचे की नाही, तिचे तिने ठरवावे. तो कागद बुडाला किंवा हॉरेसच्या माणसांनी दाबला, तर हे कलम पुरावा धरावे.

सोडण्याआधी ती माझी आहे असे लिहावेच लागते, नाहीतर कागद टिकत नाही, असे वकील सांगतात. ते वाक्य मी तीनदा खोडले. आता लिहिते.

बेथिया माझ्या मालकीची आहे. मी तिला सोडते.

सही: डॉर्कस पेनफोल्ड
साक्षीदार: गिल्बर्ट स्पॅरो, वैद्य, जोसाया टकर, मेणबत्तीवाले, हेस्टर नॉब्ज, स्वयंपाकीण (लिहिता येत नाही, फुली केली)
थॉर्नकोट, १६ मे १७९८