गव्याचे उरलेले सहा जीव

तीर्थरूप आण्णांना संयोगिताचा दोन्ही हात जोडून नमस्कार (तिसरा असता तर तोही जोडला असता, पण त्यात फासे असते). तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? आईचा खोकला गेला का? यंदा आजऱ्यात घनसाळ तांदूळ चांगला उतरला असं आक्का म्हणत होती, म्हणजे एखादं पोतं इकडे येईल असं मी धरून चालले आहे. फोनच केला असता, पण या घरात फोन स्पीकरवर टाकून बोलायची पद्धत आहे, आणि सध्या मला घरातल्या घरात वाळीत टाकलं आहे. कारण एक गवा. खरा नव्हे, मी घरी केलेला.

आमच्या रविवारच्या खेळाबद्दल मागे सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही ‘हां, सारीपाटासारखं कायतरी’ म्हणून पेपर उघडला होता. पुन्हा सांगते. मी गोष्ट सांगायची आणि राक्षस उभे करायचे, बाकीच्यांनी वीर होऊन लढायचं. वार बसला की फासे टाकायचे, पडेल तितके समोरच्याचे जीव वजा. जीव संपले की मेला. राक्षस पुस्तकात आयते मिळतात, पण ते सगळे परदेशी, त्यांना आपलं पाणी मानवत नाही. म्हणून मी गवा केला. आपल्या उसात शिरला होता ना, हुसकला तरी न हलणारा, नुसता बघत उभा राहणारा, तसाच (थोडा तुमच्यावरही गेला आहे, राग मानू नका).

आता घरचा राक्षस म्हटला की त्याला जीव किती, हा हिशेब आपणच करायचा: फासे ठरवायचे आणि त्यांची सरासरी धरायची. मी त्याला आठ बाजूंचे बारा फासे दिले. एका फाशाची सरासरी साडेचार, बाराचे चोपन्न. अंगच्या ताकदीचे फाशामागे तीन, ते छत्तीस. झाले नव्वद. यात चुकलं कुठं? पण विश्वजित, म्हणजे माझे दीर, म्हणतात सरासरी चार, कारण आठाचं निम्मं चार. अहो, पण फाशावर शून्य आहे का? एकपासून आठ! एक आणि आठ नऊ, नवाचं निम्मं साडेचार. हे तुम्ही मला अंगणात काजूच्या बिया मांडून शिकवलं होतं. “वैनी, अर्ध्यासाठी काय भांडताय?” असं हा माणूस मला विचारतो! गाढवापुढं वाचली गीता.

त्या अर्ध्यानंच घात केला. आमच्या आबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, वीर पैलवान आहे (आबा स्वतः तालमीत वाढलेले, बाकीच्यांनी तलवारी घेतल्या, यांनी लंगोट). त्यांनी गव्याशी अशी झुंज दिली की त्याचे चौऱ्याऐंशी जीव गेले, सहा उरले. मग गव्याची पाळी आली. मी सगळ्यांसमोर फासे टाकले आणि आबांचा पैलवान आडवा झाला. फाशाला सासरा कळतो का? लगेच विश्वजित उभे. “बारा अर्धं सहा! चारच्या हिशेबानं गवा कवाच मेलता! मेलेल्या गव्यानं आबांस्नी पाडलं व्हय?” आबा उठून गेले ते गेलेच, अजून माझ्याशी एक शब्द नाही. सकाळपर्यंत, सगळी पेठ ताजं दूध प्यायला जमते त्या दूधकट्ट्यावर बातमी की गणपतरावांना सुनेनं पाडलं. सासूबाई म्हणतात, पाडलंस ते पाडलंस, वर अर्ध्याचा हट्ट कशाला? आणि तुमचे जावई दोन्ही बाजूंनी मान हलवतात, त्यांची मानच दुखायला लागली आहे.

आता हुकूम असा, की रविवारी मी सगळ्यांसमोर गवा मेलेला होता असं कबूल करायचं, नाहीतर माझी गोष्ट सांगायची खुर्ची विश्वजितना द्यायची. ते राक्षसाला जीव किती देणार म्हणून विचारलं तर म्हणाले, “देऊ की पन्नासेक!” पन्नासेक हा काय आकडा आहे? मी कबूल करणार नाही. आण्णा, दिवसभर बँकेत मी गिऱ्हाइकांचं ऐकते, घरी सगळ्यांचं ऐकते. आठवड्यातून एकदा ही सगळी माणसं तोंड मिटून माझं ऐकतात, आणि मला ते फार फार आवडतं. ती खुर्ची मी सोडणार नाही, आणि ती राखायला खोटंही बोलणार नाही. काय करायचं ते करा म्हणावं.

आईला नमस्कार, आक्काच्या पोरांना एकेक धपाटा, आणि उसातला गवा पुन्हा दिसला तर त्याला माझा मुजरा.

तुमचीच हट्टी,
संयोगिता

ता. क. रविवारी तुम्ही या. व्याह्यापुढं या घरात कोणी आवाज चढवत नाही. काही करायचं नाही, पांढरा रस्सा प्यायचा, मिशीवरून हात फिरवायचा आणि एकदाच ‘साडेचार’ म्हणायचं.

ता. क. दुसरं. पाकीट चिकटवणार तेवढ्यात आबा स्वयंपाकघरात आले. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, “पोरी, त्यो गवा जित्ता हुता न्हवं? मग तसंच सांग. मेलेला हुता म्हनलीस तर मी मड्याकडनं चितपट झालो असं हुतंय. पेठेत तोंड कसं दाखवू?” आण्णा, मला रडूच आलं. मी त्यांच्या पाया पडले. मग जाता जाता म्हणाले, “तेवढं नव्वदाचं दोनशे कर की. सांगायला बरं पडतंय.” मी नाही म्हणून सांगितलं. आता ते पुन्हा बोलत नाहीत. तुम्ही याच.