प्रोद्रोमोसच्या चुका

२ मे
ग्रीसमधल्या एपिरसच्या डोंगरातल्या मठात पोहोचलो. खोली स्वच्छ, खिडकीखाली ऑलिव्हची झाडे, टेबलावर उत्तम संगणक; प्रसन्न वाटले. काम माझ्या योग्यतेचे आहे. बायबल-अभ्यासाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणत्याही ग्रीक शब्दावर क्लिक केले की शेजारी चौकट उघडते: मूळ धातू, विभक्ती, वचन, काळ, प्रयोग. ही माहिती भरणारे साधू प्रोद्रोमोस तीन वर्षांपूर्वी वारले. ती मी तपासायची आहे. अंतिम आवृत्तीवर माझे नाव असेल. एकही चूक राहता कामा नये. पहिल्याच पानावर कर्मणी रूपे कर्तरी ठरवलेली आढळली. इतका निष्काळजीपणा मी विद्यार्थ्याचाही खपवून घेतला नसता. स्वयंपाक पाहणारे साधू पैसिओस हसून म्हणाले, की जिवंतांशी भांडून झाले, म्हणून मास्तर आता मेलेल्यांच्या मागे लागले.

९ मे
पुरल्यावर तीन वर्षांनी कबर उघडायच्या इथल्या रिवाजाप्रमाणे आज प्रोद्रोमोसांची कबर उघडली. हाडे वाइनने धुऊन अस्थिगृहात ठेवायची होती. ती स्वच्छ निघाली. उजवा हात मात्र कोपरापर्यंत मांसासकट तसाच, बोटे माऊस धरल्यासारखी वाकलेली. कुणाच्या मनात मृताविषयी राग उरला, तर त्याचा देह मातीत मिसळत नाही, अशी इथली समजूत. सगळ्यांनी क्षमा उच्चारली. मग मठाधिपती गेरासिमोस माझ्याकडे वळले.

"मास्तर, मेलेल्याशी कसला हट्ट? एकदा म्हणून टाका, बिचारा सुटेल."

"चुका दुरुस्त करायच्या असतात, बाबा," मी म्हणालो. "माफ करायच्या नसतात."

हात प्रार्थनागृहात फडक्याखाली ठेवला आहे.

११ मे
सकाळी सुधारलेल्या नोंदी जेवून येईपर्यंत पूर्ववत. खोलीला दुसरी किल्ली नाही, आणि प्रत्येक बदल माझ्याच नावाने नोंदला गेला आहे. माऊस ओलसर लागला. त्यावर माती होती.

१२ मे
पैसिओस धावत आले आणि माझा हात धरून आभार मानू लागले. फडक्याखाली आता फक्त पांढरी हाडे आहेत. मास्तरांचे मन अखेर द्रवले, म्हणून मठभर आनंद — पण मी काहीही म्हणालेलो नाही. माझा हात फार थंड आहे, असे पैसिओस म्हणाले.

१३ मे
भर दुपार. उजवा हात माझे ऐकत नाही — क्लिक करतो आहे, त्याच चुका पुन्हा भरतो आहे, न थांबता — नखांखाली माती — मी नुसता बघतो —

डाव्या हाताने लिहितो आहे. क्षमा केली, असे मोठ्याने म्हणालो. पुन्हा म्हणालो. उजवा थांबला — माऊस सोडला — टेबलावरून हळूहळू माझ्या डाव्या मनगटाकडे ये