टायरांच्या पोटात

२ एप्रिल
किन्हवलीजवळच्या टायर यार्डात आज सुपरवायझर म्हणून रुजू झालो. राहायला स्वतंत्र केबिन, दारातच आंबा. माळभर जुन्या टायरांचे डोंगर. कल्याणहून ट्रक भरून येतात, पण टायर जाळून तेल काढणाऱ्या भट्टीवाल्यांनी माल उचलणं थांबवल्यापासून बाहेर काहीच जात नाही. इथेच राहणाऱ्या गोमा मजुराच्या बायकोने, लहानीने, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी दिली. दोन घास जास्तच गेले. जागा आवडली.

८ एप्रिल
शेजारच्या माळावर वणवा लागून गेला. आपलं काही जळलं नाही. पण मधल्या ढिगातून धूर येतोय, वरचे टायर कोमट लागतात. अग्निशमनवाल्यांना बोलवू म्हणालो. मालक दिपेशशेठ म्हणाले, ते आले की यार्डाला टाळं लागेल. माती टाका.

११ एप्रिल
दुपारी जेसीबी माती ओतत होता. गोमा वर चढून भेगा बुजवत होता. ढीग खचला, तो आत गेला. आतून ओरडत होता, “साहेब, वर काढा! पाय भाजतान!” मी दोर घेऊन चढलो, पण टायर इतके तापलेले की खाली उडी टाकली. शेठ म्हणाले, उपसलं तर हवा लागून सगळंच पेटेल. त्यांनी जेसीबीवाल्याला हात केला.
माती पडत राहिली.
लहानीने माझा सदरा धरला. “आवाज येतो ना? तुमाला पन येतो ना?”
येत होता.
मी म्हणालो, नाही.

१२ एप्रिल
आवाज थांबला. लहानी ढिगाला कान लावून बसलीय. रडत नाही. मी शेठना सांगितलं, शहापूरला जाऊन पोलिसांना सगळं सांगणार. त्यांनी जेसीबीवाल्याला बाजूला बोलावलं.

१३ एप्रिल
सकाळी बॅग भरत होतो — जेसीबीवाल्याने बाहेरून कडी घातली. मोबाइल त्याने आधीच काढून घेतला होता. शेठची गाडी त्याला घेऊन गेली.
लहानी ढीग उपसतेय. नुसत्या हातांनी. ओरडलो, हवा लागेल — ऐकत नाही —

पेटलं. काळा धूर, दिवसा अंधार. केबिनच्या पत्र्याला हात लावता येत नाही. खिडकीची जाळी तुटत नाही —

लहानी आली. दाराशी आहे. फटीतून दिसते. हाताची कातडी लोंबतेय. मी हाका मारतोय, कडी काढ, लहानी, कडी —
तिने विचारलं, आत कुणी आहे का.
मी ओरडलो, आहे, मी आहे —
ती म्हणाली, “नाय. आवाज नाय येत.”
खाली बसली. दाराला पाठ लावून. धूर फटीतून —
लहानी, अगं मी —